माळ्यावर पाऊस

खिळ्यांना लव फुटली होती. पत्र्यातून आत आलेलं प्रत्येक टोक पांढरं, केसाळ, बोटाएवढं जाड. शे-दीडशे सुरवंट उलटे लटकावेत तसे. मी एकावर फुंकर घातली. तो हलला नाही.

*

आमच्याकडे लग्न ठरतं ते तोंडात. मुलीच्या घरची सून मुलाच्या आईला आपल्या बोटांनी घास भरवते. उकडलेल्या काळजाचा एक तुकडा, त्यावर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा एक तुकडा. विहिणीनं तो गिळला की सोयरीक पक्की. मग कुणालाच मागे फिरता येत नाही.

*

पांढऱ्या पोटाचे कावळे जोडीनं येतात. एक बाहेर बसून ओरडतो, दुसरा आत शिरून खातो.

*

व्हिनेगर, दोन बाटल्या. जाडं मीठ. जुनी फडकी, पुन्हा धुवायची नाहीत अशी.

*

"पंखा चालतोय ना? मग अजून काय पाहिजे तुम्हाला?"

*

नणंदेचं पहिलं लग्न ठरता ठरता मोडलं त्याला तीन वर्षं झाली. पाहुणे आले, चहा प्यायले, आणि घास न खाता उठले. तेव्हापासून गावातल्या बायका तिच्या पेल्यात चहा ओतताना हात जरा जपून ठेवतात. आजारी माणसाला ओततात तसा.

*

किळस जिभेच्या मुळाशी असते, अगदी मागे. तिथे बोट लागलं की उलटी होते. ती जागा मला त्या फेब्रुवारीत नीट सापडली.

उणे सतरा अंश

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घोडी कापली. इथे, या गवताळ मैदानावर, हिवाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक घर एक मोठं जनावर कापतं आणि बर्फ वितळेपर्यंत तेच खातं. ज्याच्या माळ्यावर काही लटकत नाही, त्याच्याशी लोक दारातच बोलतात, बूट न काढता.

बरगड्यांचं मांस मीठ, लसूण, मिरी लावून घोडीच्याच आतड्यात भरलं की त्याची कझी होते. हाताएवढ्या लांब चौदा कझी आम्ही माळ्यावरच्या आढ्याला टांगल्या. शेजारी मेंढीची एक अख्खी शेपूट, मिठात घोळून, फडक्यात बांधून. शेपूट म्हणजे सगळी चरबीच, उशीएवढी. ती विहिणीच्या घासासाठी राखून ठेवली होती.

"फ्रीजर आहे की," मी लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले होते.

"फ्रीजरमध्ये मांस मरतं," सासरे म्हणाले.

"आके, ते मेलेलंच असतं."

"मेलेलं आणि मारलेलं यातला फरक शीक, पोरी."

सासऱ्यांना मी आके म्हणते. सुनेनं त्यांचं नाव घ्यायचं नसतं. लिहायलाही हात धजत नाही, म्हणून इथेही आकेच. चाळीस वर्षं त्यांनी गव्हाच्या शेतांवर कापणीचं यंत्र चालवलं. माळ्यावरचं मांस आणि अंगणातली सरपणाची रास, या दोन गोष्टींवरून माणूस ओळखावा असं त्यांचं मत.

घोडी कापली त्याच वर्षी शरदात माझा नवरा सायरान आणि त्याचे दोन मित्र यांनी घराचं छप्पर बदललं. जुन्या फुटक्या लाद्या काढल्या, लाल वाइनच्या रंगाचा नवा पत्रा बसवला, त्याखाली प्लास्टिकचा कागद ताणला. खिडक्या नव्या, घट्ट. आणि पहिल्यांदाच घरात बाथरूम, गरम पाण्याची टाकी, भिंतीत पंखा. मग सायरान पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला निघून गेला.

घोडी कापल्याच्या आठवड्यातच कावळ्यांनी दोन कझींची टोकं फोडली. माळ्याच्या तिकोनी भिंतीत एक लहान खिडकी आहे, काच नसलेली. तिथून ते शिरायचे.

"पोरी, ती खिडकी बुजव बाई," सासू म्हणाली. सासूला मी आपा म्हणते, इथे सगळ्याच वडीलधाऱ्या बायकांना म्हणतात तसं.

मी एक जुना लोकरीचा बुरणूस घेतला, गुंडाळला, आणि त्या खिडकीत मोगरीनं ठोकून ठोकून बसवला. एक फट ठेवली नाही. आके अंगणातून मान वर करून बघत होते.

"आता वाऱ्यालासुद्धा आपल्या सुनेची परवानगी घ्यावी लागेल," ते म्हणाले.

शेजारचे हसले. मीही हसले. त्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांनी माझं कौतुक पहिल्यांदा केलं होतं. पुढे कितीतरी दिवस मी ते वाक्य भांडी घासताना मनात म्हणून बघत असे.

उणे चौतीस

जानेवारी. घर कधी नव्हे इतकं उबदार होतं. मांसाचा हंडा तीन-तीन तास उकळायचा. बाथरूममध्ये आम्ही आलटून पालटून, गरज नसतानाही आंघोळी करायचो, कारण नवीन होतं. आपा तर गरम पाण्याखाली उभी राहून गाणी म्हणायची. पंखा घर्रघर्र वाफ ओढायचा. कुठे न्यायचा, ते कुणी विचारलं नाही.

कझी काढायला माळ्यावर गेले तेव्हा सगळं पांढरं होतं. खिळे, वासे, प्लास्टिकचा कागद, सगळ्यावर बर्फाची लव. टॉर्च लावली की चमचम. मी फोटो काढला.

"माळासुद्धा नटलाय," आपा फोटो बघून म्हणाली. "तोल्गानायच्या पाहुण्यांसाठी."

तोल्गानाय माझी नणंद. चौतीस वर्षांची, गावच्या शाळेत गणित शिकवते. दुसरं स्थळ आलं होतं, शहराजवळच्या गावचं. मुलगा, अर्नूर, तिला आवडला होता, आणि ती मुलाला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी त्याची आई घास खायला येणार होती.

अधिक दोन

फेब्रुवारी लागल्यापासून दुपारच्या उन्हात पत्रा तापू लागला होता. त्या आठवड्यात सोमवारी हवा एकाएकी मऊ पडली. छपरावरून बर्फाच्या लाद्या घसरून अंगणात आपटू लागली. स्वयंपाकघरात छतावर टकटक ऐकू आली. मला वाटलं उंदीर. मी शिडी लावली, झाकण ढकललं, डोकं वर काढलं आणि कपाळावर गार थेंब पडला.

माळ्यावर पाऊस पडत होता.

बाहेर निळं आभाळ, वर कोरडा पत्रा, आणि आत पाऊस. सगळी लव वितळून खाली येत होती, गंजाच्या रंगाची. दोन महिने आम्ही उकळलेले हंडे, आमच्या आंघोळी, आमचे ओले कपडे, आमचा श्वास, आकेंचं घोरणं, सगळं वर जाऊन साठलं होतं आणि आता आमच्याच अंगावर परत पडत होतं. उबेसाठी जमिनीवर पसरलेला लाकडाचा भुसा शिळ्या लापशीसारखा झाला होता. मी त्यात गुडघे टेकले. तो आत गेला आणि गुडघ्याभोवती पुन्हा मिटला.

वास्यांवर काळे ठिपके. हात लावला तर ठिपका बोटाला आला.

मग कझी.

वरून त्या चकाकत होत्या. पहिल्यांदा वाटलं, पाणीच आहे. मी एक हातात धरली आणि माझी बोटं सरकली. करड्या रंगाची बुळबुळ, कोमट शेंबडासारखी. हात मागे घेतला तर तार आली, लांब, तुटेना. मागच्या बाजूनं हिरवी लव होती, ही बर्फाची नव्हे. टोकांतून पिवळं पाणी ठिबकत होतं आणि खालच्या भुशात चरबीची एक चकती धरली होती. शेपटीचं फडकं उचललं तर फडकं निराळं आणि त्याखालची साल निराळी निघाली.

वास गोड होता. घाण वास आला असता तर बरं झालं असतं, घाणीला माणूस नाक मुरडतो. हा वास नाकात शिरून बसला, पिकलेल्या फळासारखा, आणि तोंडाला पाणी सुटलं. ते पाणी भुकेचं नव्हतं. मी तशीच रांगत झाकणापर्यंत आले आणि शिडीवरून वाकून स्वयंपाकघरातल्या बादलीत ओकले.

उणे चार

मंगळवारी मागच्या खोलीत आपा आणि मी, मध्ये जुनं मेणकापड, त्यावर सहा कझी आणि ती शेपूट.

"चाकू उलटा धर," आपा म्हणाली. "पातं नको, पाठ. साल फाटेल."

"आपा, फाटू दे."

"गप खरवड."

मी खरवडत होते. चाकूच्या पाठीवर करडा ढीग साठायचा, तो मी वर्तमानपत्राला पुसायचे. कागदावरच्या एका हसऱ्या माणसाचं तोंड त्याखाली गेलं. मग व्हिनेगर, मग मीठ, मग फडकं. फडकं पिळलं की पाणी दुधासारखं. व्हिनेगरनं तो गोड वास मेला नाही, आंबट झाला, एवढंच. आता लोणच्यात मेलेला उंदीर असल्यासारखा.

"चरबीला असाच वास असतो," आपा म्हणाली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ती तोंडानं श्वास घेत होती.

"मग तुम्ही नाकानं घ्या की श्वास."

"जास्त बोलू नको."

आके आत आले. त्यांनी शेपटीचा कडेचा पापुद्रा कापला, बोटांत चुरगळला, हुंगला. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

"ओल लागली आहे," ते म्हणाले. "सडलेलं नाही. पाणी काय विष असतं?"

"आके, शेजारून एक शेपूट मागून आणू या. त्यांच्याकडे दोन आहेत."

"माझ्या मुलीची सोयरीक मी दुसऱ्याच्या मेंढीवर करू?"

"मग आपली एक कापा. तीन आहेत."

"गाभण आहेत." ते थुंकल्यासारखं करून म्हणाले, "गाभण मेंढी कापून कुणी विहिणीला भरवतं का? आणि फेब्रुवारीत जनावर कापलं म्हणजे साऱ्या गावाला कळलं, यांचं हिवाळ्याचं मांस गेलं. मागच्या वेळी लोक काय म्हणाले, ते तू ऐकलं नाहीस. मी ऐकलंय."

ते गेले. आपानं चाकू पुन्हा उलटा धरला.

अधिक तीन

गुरुवारी सायरानचा फोन आला.

"पत्रा गळतोय का?" त्यानं विचारलं.

"पत्रा कोरडा आहे. आतनं गळतंय."

"आतनं कसं गळेल? माळ्यावर काय ढग आहेत?"

"आहेत. तूच ठेवून गेलास. बाथरूमच्या पंख्याची नळी कुठे काढलीस?"

"वर."

"वर म्हणजे बाहेर?"

"वर म्हणजे वर. माळ्यावर. नव्या कोऱ्या पत्र्याला पहिल्याच वर्षी भोक पाडू का मी? पंखा चालतोय ना? मग अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"सायरान, दोन महिन्यांची वाफ वर अडकून..."

"कशी अडकेल?" तो मला समजावू लागला, तेच ते मोठ्या माणसाचं बोलणं. "माळ्याला खिडकी आहे. बापजाद्यांनी ती काय कावळ्यांसाठी ठेवली? वाफ तिथून जाते. माझी असो, हंड्याची असो, सगळी जाते. खिडकी उघडी आहे ना?"

मी खिडकीशी उभी होते, घट्ट बसणाऱ्या, नव्या.

"रायखान? ऐकतेस ना?"

"आवाज तुटतोय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लगेच वर गेले. बुरणूस पाणी पिऊन फुगला होता आणि भोकात पाचरीसारखा बसला होता. मी त्यात बोटं रुतवून ओढलं. गार, काळं पाणी मनगटावरून बाहीत, बाहीतून थेट काखेत. मेलेल्या मेंढीचा वास, ती मेंढी मरून पंचवीस वर्षं झाली असतील. हातात आला तो मूठभर लोकरीचा लगदा. बाकीचा जागचा हलला नाही.

कुऱ्हाडीनं निघाला असता. पण कुऱ्हाडीचा आवाज खाली गेला असता आणि कुणीतरी विचारलं असतं, काय करतेस. मी लगदा भुशात पुरला, वर भुसा सारखा केला, आणि खाली येऊन हात धुतले. हे मी केलं. मांसाची किळस बाजूला राहिली, मला त्या भुसा सारखा करणाऱ्या हातांचीच किळस आली.

उणे एक

शुक्रवारी तोल्गानाय मला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. शेपूट मेणकापडावर होती, धुतलेली, पांढरी, एका कडेनं किंचित हिरवी.

"वहिनी, हे खराब झालंय."

"हो."

"किती?"

"तू हुंग."

ती वाकली आणि लगेच सरळ झाली. ओढणीनं नाक पुसलं.

"एकच घास आहे," ती म्हणाली. "केवढासा तुकडा. खूप उकळ, मीठ घाल, वर काळीज मोठं ठेव. कळणार नाही."

"आणि त्या आजारी पडल्या तर?"

"पडू देत. तोवर गिळलेला असेल."

बोलून तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. तिच्या बोटांना खडूचा वास होता, तेवढाच त्या खोलीतला स्वच्छ वास.

"तुला काय वाटतं, मी अशी आहे?" ती म्हणाली. "मागच्या वेळी ते उठले तेव्हा मी दारामागे उभी होते. त्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या. नाड्या बांधायला किती वेळ लागतो माहीत आहे? अर्नूरची आई अशी नाड्या बांधायला लागली तर मी परत उभी राहू शकणार नाही. तू फक्त भरव. डोळे मिट आणि भरव."

मी हो म्हणाले. काळीज फ्रीजरमध्ये होतं, म्हणून ते चांगलं राहिलं होतं. मी ते एका भांड्यात उकळलं आणि शेपटीचा तुकडा दुसऱ्या भांड्यात. एकत्र शिजवायची रीत आहे. मला ते जमलं नाही.

उणे सहा

शनिवारी सकाळी एका गाडीतून चौघं आले. अर्नूरची आई बाल्झान आपा, अडुसष्ट वर्षांच्या, रुंद, तीन सोन्याचे दात. त्यांचे दीर कामाल, आणि दोन बायका, ज्या सगळा वेळ एकमेकींच्या कानात बोलत होत्या. बसक्या टेबलाभोवती सगळे बसले. दुधाचा चहा, तळलेले पाव, लोणी, साखर. स्वयंपाकघरात मोठ्या हंड्यात कझी शिजत होती. आपानं त्यात सहा कांदे आणि मूठभर तमालपत्र टाकलं होतं. घरभर तमालपत्राचा वास आणि त्याखाली तो दुसरा.

"छप्पर झकास केलंय," कामाल म्हणाले. "दुरून बघितलं, म्हटलं वाइनची बाटली सांडली की काय गावात."

"मुलानं केलं," आके म्हणाले. ते ताठ बसले होते.

"वर काय? कझी वगैरे?"

"चौदा टांगल्या," आके म्हणाले.

"वा!"

मग बाल्झान आपांनी पेला उलटा ठेवला, म्हणजे चहा पुरे. "चला," त्या हसून म्हणाल्या, "मला भरवणार कोण? ही लाजरी?"

मी ताटली घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तोल्गानाय दारात. आपा तिच्या मागे. मी काळजाचा तुकडा उचलला, त्यावर चरबीचा ठेवला. चरबी कोमट होती. प्रकाशात तिच्या आत हिरवट शीर दिसली. बोटांत ती जराशी थरथरली, जिवंत असल्यासारखी, आणि तिच्यातलं पाणी माझ्या तळहातावर उतरलं.

हात त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांच्या नाकपुड्या मिटल्या. मी ते बघितलं. त्यांना वास आला, स्वच्छ आला. आणि तरीही त्यांनी तोंड उघडलं. सोन्याचे दात, जीभ, जिभेवर चहाचा तपकिरी थर. पाहुणी म्हणून, भिडेपोटी उघडलेलं ते तोंड. डोळे माझ्यावर, दयाळू, घाबरलेले. त्या सगळ्या आठवड्यात मी जे जे बघितलं, त्यातलं सगळ्यांत किळसवाणं ते उघडं तोंड होतं, आणि त्याच्यासमोर धरलेला माझा हात.

"आपा, तोंड मिटा," मी म्हणाले.

मी हात खाली घेतला.

"हे सडलंय. माळ्यावरचं सगळंच सडलंय. हंड्यातलंही. खिडकी मीच बुजवली होती, वाफ आत अडकली."

तोल्गानायच्या घशातून एक आवाज आला. त्या दोन बायकांनी कुजबुजणं थांबवलं.

"सून दमली आहे," आके म्हणाले. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, माझ्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला आणि तोंडात टाकला.

त्यांनी चावला. सगळे बघत होते. जबडा हळूहळू, डावीकडे, उजवीकडे. चरबी लवकर चावून होत नाही, तोंडातल्या तोंडात निसटत राहते. घशातली गाठ वर गेली, थांबली, खाली आली.

"हे बघा," ते म्हणाले. "काही नाही झालं."

त्यांच्या कपाळावर घाम होता.

बाल्झान आपांनी रुमालानं ओठ पुसले. त्यांना काहीच लागलेलं नव्हतं, तरी दोनदा पुसले.

"व्याही, तुमचं पोट लोखंडी असेल," त्या म्हणाल्या. "माझं तसं नाही. मी गिळणार होते, ठाऊक आहे? गिळून, गोड हसून, पहिल्या वळणावर गाडी थांबवून ओकले असते. आणि मग जन्मभर तुमच्या मुलीनं चहा दिला की मला हा वास आला असता." त्या माझ्याकडे वळल्या. "काळीजही तसंच आहे?"

"नाही. ते फ्रीजरमधलं. वेगळ्या भांड्यात शिजवलंय."

"वेगळ्या का?"

"त्या दुसऱ्या भांड्यात हात घालवेना."

त्यांनी नाकातून फुस्स केलं. हसल्या की काय, कळलं नाही. "हातावरचं ते पाणी बघ. जा, धू. साबणानं. दोनदा. मग ताटलीच्या त्या टोकाचा तुकडा आण, चरबीला न लागलेला."

मी धुतले. तीनदा. नखांखालचं जात नव्हतं, ते ब्रशनं काढलं. परत आले तेव्हा सगळे होते तसेच बसले होते, आकेसुद्धा, पाठ ताठ, हात मांडीवर.

मी भरवलं. त्यांनी चावलं, गिळलं.

"वहिनी, चरबीशिवाय धरतात का हा घास?" कामालनी विचारलं. "उगाच पुढे कुणी बोललं तर..."

"तोंड कुणाचं आहे? माझं. गिळलं कुणी? मी. मग तू चहा पी." त्यांनी दाराकडे बघून हात केला. "इकडे ये गं. त्या दारामागे काय आहे एवढं?"

तोल्गानाय येऊन त्यांच्याजवळ बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, त्या दिवशीही आणि पुढे बरेच दिवस.

हंडा मी अंगणात नेऊन ठेवला. पाहुण्यांनी उकडलेले बटाटे आणि लोणी खाल्लं, आणखी दोन तास बसले. आके त्या दोन तासांत एकदाही उठले नाहीत. गाडी सुरू होईपर्यंत फाटकाशी उभे राहून हात हलवला. मग ते गोठ्यामागे गेले, भिंतीला हात लावत लावत.

उणे दोन

रविवारी मी कुऱ्हाडीनं बुरणूस कापून काढला. माळ्यातून कोमट, जुना दमट श्वास बाहेर आला, कुणी तोंडावर ढेकर द्यावी तसा. भुसा पोत्यांत भरून खाली ओढला, एकवीस पोती. उरलेल्या सगळ्या कझी, शिजलेल्यासुद्धा, आणि शेपूट घसरगाडीवर घालून गावाबाहेर नेली आणि डिझेल ओतून पेटवली. जमीन गोठलेली असते, पुरता येत नाही. धूर तेलकट होता. चार वेळा धुऊनही माझ्या केसांतून तो गेला नाही. उशी फेकून द्यावी लागली.

आके खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, खाली बादली. मी बादली रिकामी करून आणून ठेवली. त्यांनी मान वळवली नाही.

आपा चुलीशी होती.

"तू बोललीस ते बरं केलंस, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली.

"नका म्हणू."

तिनं मला चहा ओतला. काठोकाठ, सांडेपर्यंत.

मार्चमध्ये सायराननं पत्र्याला भोक पाडलं आणि नळी बाहेर काढली. लग्न जूनमध्ये झालं.

अधिक एक

हे मला फार उशिरा कळलं: पाहुणे यायच्या तीन दिवस आधी, बुधवारी सकाळी, आकेंनी त्या शेपटीचा एक तुकडा गोठ्यातल्या स्टोव्हवर उकळून एकट्यानं खाल्ला होता, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना चार उलट्या झाल्या होत्या.